तुझ्या खोलीवरचं छप्पर

४ मार्च

सौ. गुंडीस,

‘सौ.’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण लिहिलं. पुढे तुझं खरं नाव घालणार होते, तर ते हाताला येईना. तीन वर्षांची असताना माझ्या डब्यातली गुंडी गिळलीस आणि माझ्या तोंडचं पाणी पळवलंस, तेव्हापासून माझ्यासाठी तू गुंडीच आहेस. त्याला आता इलाज नाही.

परवा तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली म्हणून मी लिहायला बसले असं समजू नकोस. गिऱ्हाइकांच्या तारखा सांभाळून सांभाळून मला सगळ्याच तारखा लक्षात राहतात. मला कामाचं विचारायचं आहे.

दुकानाचा मालक जागा परत मागतोय. एप्रिलअखेर रिकामी करून द्यायची. त्याच्या मुलाला तिथे चष्म्यांचं दुकान काढायचं आहे. पुढे मशिनी आणि मागे पडद्याआड आपली अंथरुणं, अशी चोवीस वर्षं काढली त्या जागेत. मी भांडले नाही, जागा त्याची आहे. म्हणजे मला आता आपल्या घरात राहायला जायला हवं.

घर तू सोडून गेलीस तसंच आहे. भिंती आहेत, दारं-खिडक्या आहेत, फरशी आहे, मागच्या मोरीवर स्लॅबही आहे. दोन्ही खोल्यांच्या वर मात्र तुझ्या माणसाने घालून ठेवलेले आडवे लोखंडी पाइप तेवढे आहेत. दोन वर्षं त्यांच्यावर कावळे बसतात. आठ वर्षं दर सुटीला जाऊन आपण दोघींनी वीट न् वीट लावली आणि छपराशी येऊन घोडं अडलं.

तर प्रश्न एवढाच आहे. पत्रे मापाने कापून मागवावे लागतात, एकदा कापले की परत घेत नाहीत. तुझ्या खोलीवर छप्पर घालू की नको? कधी दोन दिवस राहायला येणार असशील, निदान सामान ठेवणार असशील, तरी मी सगळं घर झाकून घेते. येणारच नसशील तर मधल्या भिंतीपर्यंत माझी खोली झाकते आणि तुझी आहे तशी राहू दे. कार्डावर ‘हो’ किंवा ‘नको’ लिहून पाठव. एक शब्द पुरे. पंधरा तारखेपर्यंत आलं तर बरं.

बाकी ठीक. तब्येत बरी आहे.

ताई


१७ मार्च

गुंडी,

उत्तर नाही. पोस्टमनला गाठून विचारलं. तो म्हणाला, पत्ता बरोबर असेल तर पोचलंच असणार. पत्ता बरोबर आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून घेतला, त्या तुझ्याकडे पडदे शिवायला टाकतात. पडदे. कॉलरला सुरकुती पडू न देणारी माझी बहीण आता सरळ रेघेत पडदे शिवते, हे ऐकून मी बाईंच्या कोटाची बाही उलटी लावली आणि पुन्हा उसवली.

पंधरा तारीख उलटली, म्हणून मी ‘नको’ असं धरून चालते. फक्त माझ्या खोलीवर छप्पर घालायचं ठरवलं आहे.

छपरावाला बोलावणार नाही. एकदा बोलावला होता, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. छपराचं माप घ्यायला माणूस तीन वेळा कशाला येतो, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पहिल्यांदा आला तेव्हा लांबी-रुंदी मोजली. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, पुन्हा एकदा बघितलेली बरी. तिसऱ्यांदा आला तो टेपच विसरून आला आणि तुझी मागून घेतली. मी शेजारी बसून बाह्या टाचत होते आणि मनात म्हणत होते, काय चोख माणूस आहे. इतकी वर्षं लोकांच्या अंगाला हात लावून त्यांचं माप काढते मी, पण तो कशाचं माप काढतोय ते मला कळलं नाही.

पंचविशीत तुझ्यासाठी मी दोन स्थळं आणली होती. दोन्ही वेळा नाक मुरडलंस. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी केस पिकलेला, बायको गेलेला, दिवसभर पत्र्यावर उन्हात करपणारा माणूस तुला आवडला. हे मी तेव्हाही बोलले होते. त्यापुढे जे बोलले ते इथे लिहीत नाही.

असो. माप मी घेतलं. त्याने भिंतीवर पेन्सिलने आकडा लिहून ठेवला होता, ४५६, खाली दोन रेघा. मी त्यावर चुना मारला. माझी टेप घेऊन शिडीवर चढले आणि या टोकाच्या पाइपापासून त्या टोकापर्यंत मोजत गेले. दीड मीटर झालं की खडूची खूण करायची, तिथून पुढे परत दीड. बरोबर साडेचार मीटर भरलं. म्हणजे तुझ्या माणसाने सहा सेंटिमीटर उगाच वाढवून लावले होते. पाच पत्रे मागवले आहेत, साडेचारचे.

आणि एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तू अजून ड्रेसचं बोलतेस. तुझ्या लग्नाचा ड्रेस मी वहीतल्या मापानेच शिवला होता. पाठीची चेन लागली नाही, कारण तू जाड झाली होतीस. लग्न ठरलं की बायका सुटतातच. आणि नोंदणी कार्यालयात मी आले नाही, कारण त्या दिवशी दुकानात गर्दी होती. पुन्हा कोणाकडे काही बोलू नकोस.

ताई


३० मार्च

गुंडी,

काल पत्रे आले. उतरवायला दोघं होते. त्यांतल्या एकाने सहज एक पत्रा पाइपांवर टेकवून बघितला आणि म्हणाला, “बाई, हा पलीकडे पोचत नाही.” मी म्हटलं, पोचेल, नीट लावून बघा. त्याने नीट लावला. शेवटचा पाइप चार बोटं पुढे राहिला. पत्रा अलीकडेच संपतो, स्क्रू मारायला खाली काही नाही.

मी म्हटलं, “कारखान्यात कमी कापले असतील.”

त्याने कमरेची लोखंडी टेप काढून पत्रा मोजला. साडेचार मीटर, मिलिमीटरचाही फरक नाही. मग पाइप मोजले. चारशे छप्पन्न.

“तुम्ही कशाने मोजलं होतं?” त्याने विचारलं. मी गळ्यातली टेप दाखवली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने आपली टेप जमिनीवर पसरली आणि माझी तिच्या बाजूला ठेवली. माझी दीडशेची खूण त्याच्या एकशे बावन्नावर आली. चोवीस वर्षं ओढून ओढून ती ताणली गेली आहे, गुंडी. बाई शिवणकामाच्या टेपने घर मोजायला निघाल्या, हे आता त्यांच्या दुकानात महिनाभर चालेल. चुन्याखालून तुझ्या माणसाचा आकडा अजून दिसतो. मी दुसरा हात मारायला गेले आणि ब्रश ठेवून दिला.

दिवसभर तोंडात मारल्यासारखी बसून होते. मग संध्याकाळी एक गोष्ट डोक्यात आली आणि जीव हलका झाला. ड्रेससुद्धा मी याच टेपने शिवला होता. टेपच ताणलेली, मग तुझा ड्रेस घट्ट होणारच. म्हणजे माझा दोष नाही आणि तुझाही नाही. तू जाड झालीस असं मी बोलले ते चूक होतं, ते मी परत घेते. सगळा घोळ टेपचा. दोन वर्षं आपण दोघी एका चिंधीपायी तोंड फिरवून बसलो होतो.

तर आता झालं गेलं विसरून जा. एका शब्दाचं कार्ड टाक.

तुझी ताई


२ एप्रिल

गुंडी,

मागचं पत्र टाकून परत येईपर्यंतच मला कळलं की तू ते वाचताना कुठे थांबशील. ‘सगळा घोळ टेपचा’ यावर. तू शिवणकाम माझ्याकडेच शिकलीस. तुझं माप घेतलं ते त्याच टेपने आणि कापड बेतलं तेही त्याच टेपने. टेप ताणलेली असो नाहीतर आखडलेली, दोन्हीकडे तीच असली तर कपडा बरोबरच बसतो. म्हणून तर चोवीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. घर मोजलं मी माझ्या टेपने आणि पत्रे कापले त्यांच्या टेपने, म्हणून फसले. ड्रेसचं तसं नव्हतं. पाहिजे तर हे पत्र फाडून टाक, पण आधी पूर्ण वाच.

ड्रेस मी मुद्दाम घट्ट केला. कमरेत दोन बोटं आणि छातीत दोन बोटं. जाणूनबुजून, दिवसा उजेडी, खडूने रेघ मारून.

तुला वाटेल लग्न मोडावं म्हणून केलं. तेवढी मी वेडी नाही, चेन लागली नाही म्हणून कोणाचं लग्न मोडत नाही. आदल्या संध्याकाळी मी तो मुद्दाम दुसऱ्याच्या हाती पाठवला. मला वाटलं, तू घालून बघशील, बसणार नाही, आणि सकाळी धावत दुकानात येशील. मी म्हणेन, हात वर कर, बघू दे. मी कडेच्या शिवणी उसवून देईन. आत सगळीकडे दोन दोन बोटं जास्तीचं कापड ठेवलं होतं, एका तासाचं काम होतं. तो एक तास तू माझ्यासमोर हात वर करून उभी राहिली असतीस. मी त्या तासात काय बोलणार होते ते मला अजून ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही. टाचण्या तोंडात धरून गप्प उसवून दिलं असतं. आईमागे तुझे सगळे कपडे मी शिवले, आणि या वेळी, भांडून दुकानातून निघून गेल्यावर, तू माप द्यायलासुद्धा आली नाहीस. ‘वहीत आहे त्यावरून शीव’ म्हणून निरोप धाडलास. ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

सकाळी सातपासून मी दुकान उघडून बसले. गर्दी नव्हती. एकही गिऱ्हाईक नव्हतं. अकरा वाजता शटर अर्धं खाली ओढलं. तू कामाच्या कपड्यांतच सही करायला गेलीस, हे मला चार दिवसांनी कळलं.

आणि ते बोलणंही लिहून टाकते. ‘त्याच्याबरोबर गेलीस तर त्या घरात तुझी खोली नाही, असं समज.’ ज्या भिंती तू माझ्याएवढ्याच रचल्यास त्यांतून मी तुला एका वाक्यात बाहेर काढलं. मी मार्चमध्ये छप्पर घालू का म्हणून विचारलं, ते खरं म्हणजे हे वाक्य परत घेण्यासाठी होतं. सरळ लिहायला हात धजला नाही, म्हणून पत्र्यांच्या आड लपले.

मला माफ कर.

ताई


१४ एप्रिल

गुंडी,

तुझ्या खोलीवर छप्पर झालं. तू विचारशील, माझ्या खोलीचं काय. सांगते.

तुझी खोली एक वीट आत आहे, आठवतं? भिंत आखताना तू दोरी मागे घेतलीस, दाराबाहेर बसून हातशिलाई करायला पायरी हवी म्हणून. मी केवढी भांडले होते, घराचं तोंड वाकडं दिसेल म्हणून. परवा ते पाच तोकडे पत्रे भिंतीला टेकलेले बघत बसले होते आणि डोक्यात आलं. लोखंडी टेप विकत आणली आणि तुझी खोली मोजली. माझ्या खोलीला जे पुरत नाहीत ते तुझ्या खोलीला पुरून वर पायरीवर सावली पडेल इतके पुढे येतात. माझ्यासाठी नव्याने मागवले आहेत, ४५६ चे. ते मेच्या शेवटी येतील. तोवर मी तुझ्या खोलीत राहीन, तुझी हरकत नसेल तर.

शेजारच्या प्लॉटवर एक बाई राहायला आली आहे. शाळेची बस चालवते, अंगाने भरभक्कम, हसली की बसचा हॉर्न बरा. शिंप्याला मास्तर म्हणतात म्हणून मला मास्तरीणबाई म्हणते. मी एकटी पत्रा ओढताना पाहून म्हणाली, “अहो, असं कराल तर पत्रा राहील आणि तुम्ही याल खाली.” तिने बस भिंतीला चिकटवून उभी केली. पत्रे टपावर चढवले आणि टपावरून भिंतीवर सरकवायचं ठरलं. मी वर पाइपांवर, ती टपावर. पण बाईला उंचीची भीती. उभी राहीना. पोटावर पालथी पडून दोन्ही हातांनी पत्रे ढकलत होती.

“मास्तरीणबाई, खाली बघू नका.”

“नाही बघत.”

“मी बघितलं. मला गरगरतंय. लवकर घ्या.”

पहिला पत्रा अर्ध्यावर आला तसा वाऱ्याने फडफडला. मी दोन्ही हातांनी कड धरली. आणि तोंडातून निघून गेलं, “गुंडी, ओढ तिकडून.” दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं.

“गुंडी कोण?” खालून आवाज आला.

“धाकटी बहीण.”

“मग ही कोणाची खोली?”

“तिचीच.”

ती म्हणाली, बरं, आणि पत्रा ढकलला. दोन वर्षांत ते मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं, आणि तेही पालथ्या पडलेल्या बाईला.

दोन दिवसांत पाचही पत्रे बसले. एकाची कड दुसऱ्यावर चढवायची, आपण पॅन्टची शिवण एकावर एक घेतो तशीच. काम मात्र मी आपल्या पद्धतीने केलं. पत्र्याला उंच पट्टा असतो आणि दोन पट्ट्यांमध्ये खोलगट भाग. टाका नेहमी घडीच्या आत, बाहेरून दिसता कामा नये, हे तुला मी किती वेळा शिकवलं आहे. सगळे साठ स्क्रू मी खोलगट भागात मारले. रस्त्यावरून बघितलं तर एक दिसत नाही. छपरावाल्यांनी येऊन बघावं.

कार्ड आलं नाही. मी रोज बघते.

ताई


१ मे

गुंडी,

दुकानाची किल्ली काल देऊन टाकली. शटरवरची आपली पाटी काढली तर खाली जुन्या रंगाचा चौकोन नव्यासारखा निघाला. पाटी इथे आणली आहे, कुठे लावायची ते ठरलेलं नाही.

तुझी मशीन तुझ्या खोलीत खिडकीखाली ठेवली. माझी तिच्यासमोर. तुझ्या मशीनला तेल घातलं. चालवली नाही.

या खोलीतून मधल्या दारातून माझ्या खोलीत गेलं की वर आभाळ. चहाचा कप घेऊन मी सकाळी तिथे जाऊन उभी राहते. घरातल्या घरात बाहेर गेल्यासारखं वाटतं. बसवाली म्हणते, लोक यासाठी लांब लांब जाऊन पैसे मोजतात.

आठच्या सुमाराला ऊन चढलं की पत्रे तापतात आणि वाजतात. टक, मग थोड्या वेळाने परत टक टक. पहिल्या दिवशी दोन वेळा उठून दार उघडलं. कोणी नव्हतं. आता कळलंय पत्रे आहेत ते, तरी मान वळतेच.

मला एकटं वाटतं, गुंडी. हे लिहायला मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. तू गेल्यावर दुकानात मी बोलायला माणसं शोधत नव्हते, कारण राग होता, आणि रागाची फार चांगली सोबत होते. तो त्या पत्रात लिहून टाकला आणि हात रिकामे झाले. तू उत्तर का देत नाहीस हे मी विचारणार नाही. द्यावंस असं मी काही केलेलं नाही.

नवीन गिऱ्हाइकं इथवर येतील की नाही बघू. पाच-सहा जुनी आली.

ताई


९ मे

गुंडी,

काल दुपारी मी तयार कपडे पोचवायला गावात गेले होते. परत आले तर बसवाली फाटकातच उभी. म्हणाली, “तुमच्याकडे एक बाई येऊन गेली. ठेंगणी, चष्मा, कमरेला ड्रिल मशीन.”

चष्मा लागला तुला. मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, कोण, काय म्हणाली, कधी गेली, सगळं एकदम. ती म्हणाली, “बसा आधी.” मी तुझ्या पायरीवर बसले.

तिने सांगितलं ते असं. तू आलीस, दाराला कुलूप बघितलंस, दोन पावलं मागे जाऊन वर बघत राहिलीस. मग पायरी हाताने झाडून बसलीस थोडा वेळ. बसवालीने कोण पाहिजे म्हणून विचारलं तर तू विचारलंस, “हे स्क्रू कोणी मारले?” ती म्हणाली, मास्तरीणबाईंनी. तू म्हणालीस, “तरीच. पाणी पत्र्याच्या खोलगट भागातून वाहतं, आणि तिने बरोबर तिथेच भोकं पाडली आहेत. उंच पट्ट्यावर मारायचे असतात.” मग गाडीतून शिडी काढून आणलीस आणि वर चढलीस. गाडीत एक माणूस बसून होता म्हणे, खाली उतरला नाही. नुसता शिडीकडे बघत होता.

मीही शिडी लावून बघून आले. एका पत्र्याचे बाराच्या बारा स्क्रू तू काढून उंच पट्ट्यावर मारलेस. जुन्या भोकांवर डांबरी पट्टीचे तुकडे चिकटवलेस. आधी वाटलं, त्यानेच शिकवलं असेल हे. मग तुकडे नीट बघितले. प्रत्येकाचे चारही कोपरे कातरीने गोल केले आहेत, उचकटू नयेत म्हणून. ठिगळाचे कोपरे असे गोल करायला छपरावाला शिकवत नाही. ते मी शिकवलं आहे, तू नऊ वर्षांची असताना, तुझ्याच फाटलेल्या गुडघ्यावर. मी पत्र्यावर आडवी झाले आणि ते बारा तुकडे हाताने चाचपून बघितले. कोणी खालून बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

बाकीचे चार पत्रे तू तसेच ठेवलेस. वेळ नव्हता म्हणून की मी करावेत म्हणून, ते मला कळत नाही. मी करते. डांबरी पट्टी आणली आहे.

बसवालीने तुला थांबायला सांगितलं होतं. ताई तासाभरात येतील, म्हणाली. तू नको म्हणालीस. तिने मग विचारलं, निदान मी सांगू का त्यांना, तुम्ही आला होतात म्हणून. बसवाली म्हणाली की तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, “सांगा. पण तिला म्हणावं, इतक्यात माझ्याकडे येऊ नको. समोर आली की बोलते. लिहिते तेव्हा बरी असते.”

ते ऐकून मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. उठून तशीच बसस्टॉपवर जाणार होते. तुझ्या घरापर्यंत चाळीस मिनिटं लागतात, ते मी मार्चमध्येच विचारून ठेवलं होतं. चपला पायात घातल्या. मग मनात आलं, जाऊन मी पहिलं वाक्य काय बोलेन. ‘चष्मा कधी लागला, मला कळवायची पद्धत नाही का?’ हेच बोलले असते. मी चपला काढल्या.

म्हणजे तू सगळं वाचलंस. ड्रेसचंही.

मेहुण्यांना सांग, पुढच्या वेळी गाडीतून उतरले तरी चालेल. त्यांचा आकडा बरोबर होता, तेही सांग.

तुझ्या खोलीच्या दाराला दोन किल्ल्या आहेत. एक या पाकिटात घातली आहे, पाकीट जड लागलं ते त्यामुळे. मी घरी नसेन तेव्हा यायचं असेल तर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी गावात असते, दोन ते पाच. त्या वेळेत मी चुकूनही परत येणार नाही. बाकी दिवस मी इथे आहे, तुझ्या मशीनसमोर बसून लिहितेय, आणि गुंडी, तोंड मिटलेलं आहे.

ताई